खडा लाभतो म्हणजे काय होतं?

खनिजांवर कुठेही बोलायला गेलो की शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो. विचारणारा जरा घुटमळतो, बाकीचे पांगेपर्यंत थांबतो आणि मग मधलं बोट पुढे करतो. "मला नीलम सांगितलाय. तो सगळ्यांना मानवत नाही म्हणतात. तीन रात्री उशीखाली ठेवून पाहिला, तसा त्रास काही झाला नाही. पण खरंच काही होतं का हो खड्यानं?"

याला दोन झटपट उत्तरं आहेत. 'सगळं थोतांड' हे एक आणि 'श्रद्धा असेल तर होतं' हे दुसरं. दोन्हींनी माणूस गप्प होतो, समाधान मात्र होत नाही. मला तिसरी वाट बरी वाटते. आपण म्हणतो, औषध लागू पडलं, अन्न अंगी लागलं, खडा लाभला. अन्न अंगी लागतं ते पोटात गेल्यावर. मग बोटावर बसलेला खडा अंगी लागायचा, तर तो आत शिरणार कुठल्या वाटेनं? एवढा एक प्रश्न हातात धरून दागिन्यातल्या जिनसा एकेक करून पाहू. दगड, मोती, पोवळं, तांबं, चांदी, सोनं. आणि निघू जयपूरहून, कारण आपल्या पेठेतल्या सराफाकडे मखमलीवर मांडलेल्या रंगीत खड्यांपैकी पुष्कळांची वाट तिथूनच आलेली असते.

1. विश्वकर्म्याच्या पत्त्यावर

जयपूर शहरातून सीकर रस्त्याला लागलं की विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र येतं. आपल्याकडे जशी एमआयडीसी, तशी राजस्थानात रीको. तिच्यातली ही एक मोठी वसाहत. इथले पत्ते 'रोड नंबर अमुक' असे नंबरावर चालतात आणि तोंडी सगळे 'व्हीकेआय'च म्हणतात. वसाहत मुख्यतः लोखंडाची, यंत्रांची, सुट्या भागांची. दागिन्यांचा जयपुरी धंदा तिच्याहून कितीतरी जुना. तो तटबंदीच्या आतल्या गल्ल्यांत वाढला आणि आता शहराच्या दुसऱ्या टोकाला सीतापुऱ्याच्या वसाहतीतही पसरला आहे. तरी सुरुवातीला मी व्हीकेआयचा पत्ता घेतला तो नावासाठी.

परंपरेनं विश्वकर्म्याला पाच मुलगे दिले आहेत. मनूकडे लोखंड, मयाकडे लाकूड, त्वष्ट्याकडे तांबं-पितळ, शिल्पीकडे दगड आणि दैवज्ञाकडे सोनं. मराठी वाचकाला यातली निदान दोन नावं ओळखीची वाटतील, कारण त्वष्टा कासार आणि कोकण-गोव्यातले दैवज्ञ सोनार आपल्यातच आहेत. लोखंड ठोकणारा आणि सोनं घडवणारा सख्खे भाऊ, असं हे घराणं सांगतं. दागिन्याकडे पाहण्याची ही जुनी नजर मला फार पटते. तिच्या हिशेबात दागिना हा आधी धातू आणि दगड यांचा कामाचा विषय आहे, भाग्याचा नंतर.

सवाई जयसिंगांनी 1727 मध्ये जयपूर वसवलं, तेव्हा बाजारपेठांची आखणी आधी झाली. जोहरी बाजार आजही जव्हाऱ्यांचा आहे. 'मणिहारों का रास्ता' या गल्लीत लाखेच्या बांगड्या निखाऱ्यावर मऊ करून गिऱ्हाइकाच्या मापाला वळवून देतात. रामगंजच्या बाजूला पैलू पाडणारे कारागीर, त्यांत बरेच मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या खडे घासत आले आहेत. खडा लाखेनं काडीच्या टोकाला चिकटवायचा, फिरत्या चाकावर टेकवायचा, कोन बदलायचा, पुन्हा टेकवायचा.

गंमत अशी, की या शहराच्या आसपासच्या जमिनीत रत्नं फारशी नाहीत. राजस्थानात तामडा सापडतो, 1940 च्या दशकात मेवाडात पाचूही सापडला. पण जयपूरच्या चाकावर घासला जाणारा पाचू येतो झांबिया, कोलंबिया, ब्राझीलहून. राजावर्त अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा, पिरोजा मूळचा इराणमधल्या निशापूरचा. माल जगभरचा आणि हात जयपूरचे. उलट ज्यांच्या पायाखाली दगडांची खाण आहे असे आपण मराठी लोक मात्र तिच्यावरून रोज चालतो आणि वर पाहत नाही, खालीही पाहत नाही.

2. लाव्हातले बुडबुडे

भाकरी तव्यावर फुगते तेव्हा आतल्या वाफेला बाहेर पडता येत नाही, म्हणून पोकळी होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, तेव्हा त्यातल्या वायूंचं असंच झालं. लाव्हा थिजला, बुडबुडे तसेच राहिले. मग लक्षावधी वर्षं त्या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहिलं. पाण्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे वाळू ज्या पदार्थाची असते तोच पदार्थ, पोकळीच्या भिंतींवर थराथरानं बसली. किटलीत क्षार चढतात तसंच, फक्त फार सावकाश. या थरांच्या दगडाला आपण अकीक म्हणतो. थर न बसता मोठे स्फटिक झाले तर ती गारगोटी. लहानपणी अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून उजेड पाडला नसेल असा खेड्यातला मुलगा विरळा.

त्याच पोकळ्यांत झिओलाइट नावाची नाजूक खनिजंही वाढतात. जळगाव, नाशिक, पुणे या भागांतल्या खडीच्या खाणींतून निघालेले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं निळंभोर कॅव्हन्साइट तर संग्राहकांच्या जिवाचा तुकडा. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत 'गारगोटी' नावाचं संग्रहालयच आहे. नाशिकला गेलात तर वाट वाकडी करून जा. हे स्फटिक परदेशात 'मनःशांतीचे दगड' म्हणून विकले जातात. अंगठीत मात्र ते दिसत नाहीत, कारण ते मऊ असतात, चाकूनं चरा पडतो. अकीक चाकूला दाद देत नाही. म्हणून दागिन्यात अकीकच गेला, तोही फार पूर्वी.

इनामगावला डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांत अकीकाच्या जातीचे मणी मिळाले. त्याहून जुने, सिंधू संस्कृतीत घडलेले तांबडे मणी थेट इराकमधल्या ऊर शहराच्या राजघराण्याच्या थडग्यांत सापडले आहेत. हा तांबडा रंग बहुतेक वेळा जन्मजात नसतो. खाणीतून निघताना दगड मातकट-पिवळा असतो. तो उन्हात वाळवायचा, मग मडक्यात घालून शेणीच्या मंद आचेत भाजायचा. कुंभाराची पिवळसर माती भट्टीतून तांबडी होऊन निघते, तसंच इथे होतं. दगडातल्या लोहाच्या संयुगातलं पाणी उडून जातं आणि लाल लोह-ऑक्साइड उरतं. गुजरातेत खंबातचे कारागीर हे आजही करतात.

आता आपल्या पैठणकडे येऊ. पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं समुद्रप्रवासाचं टिपण उपलब्ध आहे. 'पेरिप्लस' या नावानं ते ओळखलं जातं. त्यात तो सांगतो, की भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून अकीकाच्या जातीचा दगड मोठ्या प्रमाणावर गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदरात उतरतो. त्याच बंदरात पश्चिमेकडून काय येतं, याचीही यादी तो देतो. तिच्यात पोवळं आहे. त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी म्हणतो, की आपल्याला भारतीय मोत्यांचं जेवढं वेड, तेवढं भारतीयांना पोवळ्याचं. तिथले दैवज्ञ म्हणे पोवळं अंगावर असलं की संकट टळतं असं मानतात.

म्हणजे गोदाकाठचा दगड रोममध्ये जाऊन गुणकारी झाला आणि भूमध्य समुद्रातलं पोवळं गोदाकाठी येऊन मंगळाचं रत्न. गावच्या वैद्यापेक्षा शहरातल्या डॉक्टरचा गुण लवकर येतो, हे आपण दोन हजार वर्षांपूर्वीही जाणत होतो असं दिसतं.

3. ताईत आणि रंग

'गळ्यातला ताईत' म्हणजे जिवापाड प्रिय माणूस. हा ताईत अरबी-फारशीतून आला, पण वस्तू आपल्याकडे त्याआधीपासून आहे. तिचं जुनं नाव 'मणि'. अथर्ववेदात मणी बांधण्याची सूक्तं आहेत. त्यांतलं एक शंखाच्या मण्याचं, दीर्घायुष्यासाठी बांधायच्या. म्हणजे मणी आधी रक्षणासाठी होता. शोभेचं काम त्याच्याकडे केव्हा आलं, हा हिशेब लावणं कठीण आहे. कोल्हापुरी साजात आजही अष्टमंगलाच्या आणि अवतारांच्या पानड्यांच्या जोडीला ताईत असतोच. बाळाच्या मनगटात पांढऱ्या ठिपक्यांचे काळे दृष्टमणी असतात. कुठे बजरबट्टू असतो, तो तर एका ताडाच्या जातीची बी आहे. काचेचा मणी, झाडाची बी, वाघनख आणि सोनं एकाच दोऱ्यात बसतात, तेव्हा त्यांची किंमत कुणी विचारत नाही.

कुठल्या वस्तूला कुठला गुण, हे ठरतं कसं? सर्वांत सोपी रीत रंगाची. तांबडा दगड रक्ताचा, पिवळा काविळीचा, हिरवा डोळ्यांचा. अथर्ववेदातल्याच एका सूक्तात काविळीच्या रोग्याभोवती तांबडा रंग वेढण्याची प्रार्थना आहे. पिवळा रंग पोपटांकडे जावा अशी. औषधाचा शोध लागण्याआधीचं हे तर्कशास्त्र आहे आणि त्याला स्वतःची एक सुसंगती आहे. दुसरी रीत नावाची. जांभळ्या स्फटिकाला ग्रीकांनी दिलेल्या 'अमेथिस्ट' या नावाचा अर्थ 'न झिंगलेला'. म्हणून तो पेल्याशी ठेवला की दारू चढत नाही. प्लिनीनं या समजुतीची तेव्हाच थट्टा केली होती. समजूत त्याच्या नंतर एकोणीसशे वर्षं टिकली.

तिसरी रीत मला सर्वांत जास्त आवडते, कारण तिच्यात डोळसपणा आहे. पिरोजा घालणारा आजारी पडणार असला की खड्याचा रंग उतरतो, असं इराणपासून राजस्थानपर्यंत सांगतात. हे निरीक्षण पूर्ण खोटं नाही. पिरोजा हा सच्छिद्र दगड आहे. कच्च्या विटेसारखा तो घाम, तेल, साबण पिऊन घेतो आणि निळ्याचा हिरवट होतो. तापानं फणफणलेल्या माणसाला घाम जास्त येणार. खड्यानं आजार ओळखला नाही, पण माणसाच्या अंगातलं काहीतरी खड्यात गेलं एवढं खरं. आपला प्रश्न अंगात शिरण्याच्या वाटेचा होता. इथे वाट सापडली, पण दिशा नेमकी उलटी.

4. भट्टीत शनीचा गुरू होतो

नवग्रहांची यादी पाठ असलेल्यांसाठी हा भाग. रवीचं माणिक, चंद्राचा मोती, मंगळाचं पोवळं, बुधाचा पाचू, गुरूचा पुष्कराज, शुक्राचा हिरा, शनीचा नीलम, राहूचा गोमेद आणि केतूचा लसण्या.

आता यातले तीन खडे जरा खरवडून पाहू. अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचं एक स्फटिकरूप संयुग आहे, कुरुविंद. शुद्ध असेल तर ते काचेसारखं रंगहीन असतं. त्यात क्रोमियम किंचित मिसळला की माणिक. लोह आणि टायटॅनियम मिसळले की नीलम. नुसतं लोह विशिष्ट अवस्थेत असलं की पिवळा, आणि बाजारात पुष्कराज म्हणून जो महाग खडा देतात तो बहुधा हाच. पीठ एकच, बीट घातलं की लाल पुरी, पालक घातला की हिरवी, हळद घातली की पिवळी. ज्योतिषात रवी आणि शनी बापलेक असूनही एकमेकांचे वैरी, म्हणून माणिक आणि नीलम एका हातात घालू नये म्हणतात. खनिजशास्त्राच्या दृष्टीनं त्यांचं भांडण चिमूटभर मसाल्यावरून आहे.

आणखी पुढे जाऊ. खरा नीलम परवडत नसेल तर शनीसाठी जांभळा स्फटिक, जमुनिया, चालतो असं सांगतात. पुष्कराज परवडत नसेल तर गुरूसाठी पिवळा स्फटिक, सुनेला. पण जमुनिया साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवला की त्याचा जांभळा रंग जाऊन तो पिवळा होतो आणि बाजारातला बराचसा सुनेला असाच तयार होतो. सकाळी भट्टीत घातला तेव्हा खडा शनीचा होता, संध्याकाळी निघाला तेव्हा गुरूचा. ही बदली कोणत्या क्षणी झाली, हे मी एका पंचांगवाल्या स्नेह्याला विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "गिऱ्हाइकानं विकत घेतला त्या क्षणी."

पाचूची गोष्ट वेगळी. पाचूत नैसर्गिक भेगा असतातच. नदीतला गोटा पाण्यात झळकतो आणि घरी आणून वाळला की मंद दिसतो, हे आठवा. ओल्या पृष्ठभागावर प्रकाश कमी विखुरतो. पाचूच्या भेगांत तेल भरलं की हेच होतं. भेग दिसेनाशी होते, रंग खुलतो. ही रीत फार जुनी आहे आणि साधं बिनरंगी तेल असेल तर व्यापारात ती मान्यही आहे. हिरवं रंगवलेलं तेल ही फसवणूक. म्हणून पाचूची अंगठी गरम पाण्यात, साबणात बुडवू नये. जयपूरला 1972 पासून रत्नपरीक्षेची प्रयोगशाळा आहे. खडा तापवलेला आहे का, त्यात काच भरली आहे का, हे तिथे कळतं. ज्यांना खड्याच्या शक्तीबद्दल शंका नाही, त्यांनीही खड्याबद्दल शंका ठेवावी.

5. अंड्याचं कवच आणि व्हिनेगर

एक प्रयोग करा. कपात व्हिनेगर घ्या, त्यात अंड्याच्या कवचाचा तुकडा टाका. लगेच बुडबुडे येतील. दुसऱ्या दिवशी कवच मऊ पडलेलं असेल. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. आम्लाशी त्याची गाठ पडली की आम्ल मरतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो.

मोतीही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट आणि पोवळंही. आता आयुर्वेदाच्या दुकानातल्या बाटल्या आठवा. मोत्याची मुक्तापिष्टी, पोवळ्याची प्रवाळपिष्टी. गुलाबपाण्यात खलून खलून केलेली बारीक पूड, आणि आम्लपित्तावर दिली जाणारी. पोटातलं आम्ल आणि ही पूड यांची गाठ पडली की कपातलं व्हिनेगर आणि कवच यांचंच नाटक पोटात होतं. जळजळ थांबवायच्या कित्येक गोळ्यांतही हेच रसायन असतं, फक्त ते खडूच्या जातीच्या दगडातून आलेलं. तेव्हा मोती पित्तशामक आहे, हे जुन्या वैद्यांचं म्हणणं मी निमूट मान्य करतो. गिळला तर. करंगळीतल्या मोत्याला पोटातल्या आम्लापर्यंत जायला रस्ता नाही.

इथेही उलट वाहतूक मात्र आहे. घाम किंचित आम्लधर्मी असतो, आणि वर्षानुवर्षं अंगावर राहिलेल्या मोत्याचं 'पाणी जातं' ते त्यामुळे. आजीच्या नथीतले बसराई मोती म्हणूनच मलमलीत गुंडाळून ठेवलेले असायचे. ते इराणच्या आखातातले. पाणबुडे एका श्वासात तळाशी जाऊन शिंपले वर आणत. जपानमध्ये मिकिमोतोनं 1893 मध्ये शिंपल्यात मोती रुजवून दाखवला, पुढे त्याचा कारखाना झाला, आणि 1930 च्या दशकात आखातातला हा धंदा बसला. चंद्राला हा फरक कळला की नाही ठाऊक नाही, सराफांना कळला.

6. पेढे घेऊन येणारे

धातूंची गोष्ट खड्यांपेक्षा गुंतागुंतीची आहे, कारण धातू खरोखर काहीतरी करतात. तांब्याच्या पृष्ठभागावर जंतू काही तासांत मरतात. चांदीचे आयनही जंतुनाशक आहेत. नवजात बाळांचे डोळे संसर्गानं जाऊ नयेत म्हणून 1880 च्या सुमाराला जर्मनीत क्रेडे यांनी सिल्व्हर नायट्रेटचे थेंब वापरले, आणि भाजलेल्या जखमेवर लावायच्या मलमात चांदीचं संयुग आजही असतं. सोन्याची संयुगं फ्रान्समध्ये फोरेस्टिए यांनी 1929 मध्ये संधिवातावर वापरली आणि पुढे काही दशकं ती नेहमीचं औषध होती. पण यातही तीच अट. थेंब डोळ्यांत, मलम उघड्या जखमेत, सोन्याचं संयुग इंजेक्शननं आत. पाटल्या कितीही जाड केल्या तरी शुद्ध सोनं घामात विरघळत नाही. सोनं म्हणून त्याची ख्याती झाली तीच मुळी त्यामुळे.

तांब्याचं कडं मात्र घामात थोडंसं झिजतं, मनगट हिरवं पडतं. मग सांधेदुखीला फरक पडत असेल का? इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी हे नीट तपासलं. संधिवाताच्या 70 रुग्णांनी आळीपाळीनं चार वस्तू पाच-पाच आठवडे मनगटाला बांधल्या. तांब्याचं कडं, चुंबकाचा पट्टा, कमकुवत चुंबकाचा पट्टा आणि चुंबक काढलेला पट्टा. 2013 मध्ये निष्कर्ष आला. दुखणं, सूज, हालचाल, कशातही कड्यानं किंवा चुंबकानं नुसत्या बांधण्यापलीकडे फरक पडला नव्हता.

मग "मला फरक पडला" म्हणणारे खोटं बोलतात का? मुळीच नाही. समजा तुमचं गुडघ्याचं दुखणं एरवी दहापैकी पाच असतं, कधी तीन, कधी आठ. तुम्ही कडं विकत घ्यायला कुठल्या दिवशी जाल? आठच्या दिवशी. त्यानंतरच्या आठवड्यात दुखणं आपसूक पाचावर येणारच होतं. कडं घातलं नसतं तरी आलं असतं, पण घातलंय.

ग्रहांच्या खड्यांचा हिशेबही साधा आहे. समजा एका ज्योतिष्यानं वर्षभरात नोकरी शोधणाऱ्या शंभर मुलांना खडे दिले. त्यांतल्या पन्नासांना एरवीही नोकरी लागणारच होती असं धरू. वर्षाअखेर ते पन्नास पेढे घेऊन येतील. उरलेले पन्नास येणार नाहीत. ते दुसऱ्या ज्योतिष्याकडे गेलेले असतील. ज्योतिष्याच्या दारात मागे वळून पाहिलं तर फक्त पेढेच दिसतात. त्याला लबाड म्हणण्याची गरज नाही. तोही आपल्यासारखाच डोळ्यांपुढच्या गोष्टी मोजतोय.

आणि ती उशीखालच्या तीन रात्रींची चाचणी? शनीच्या धास्तीनं ज्याला झोप येत नाही, त्याला नीलम मानवत नाही एवढं तिच्यातून नक्की कळतं.

7. आत शिरलेला खडा

आतापर्यंत दगड आत शिरायला वाटच सापडली नाही. ती वाट आहे, आणि तिच्यासाठी आपल्याला दागिना घालणाऱ्याकडून तो घडवणाऱ्याकडे जावं लागेल.

आधी सोनार. सोनं वितळतं 1064 अंशांना. दागिन्याचे तुकडे जोडायला त्याहून लवकर वितळणारा मिश्रधातू लागतो, तो डाख. एके काळी डाखात कॅडमियम घालायची पद्धत रूढ झाली. जोड सफाईदार बसतो, सोन्याचा कस राखता येतो. 'केडीएम दागिने' अशी पाटी आपण सगळ्यांनी वाचली आहे आणि तिचा अर्थ काहीतरी उच्च प्रतीचं असा घेतला आहे. केडीएम म्हणजे कॅडमियम. ते 767 अंशांनाच उकळतं. फुंकणीच्या ज्योतीत त्याची वाफ होते, आणि ती फुंकणीवर वाकलेल्या माणसाच्या फुप्फुसात जाते, तिथून मूत्रपिंडात. गिऱ्हाइकाला त्या दागिन्यापासून काही त्रास होत नाही. त्रास होतो तो घडवणाऱ्याला, आणि म्हणूनच कॅडमियमचा डाख आता नाकारला जातो. हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक पाहून सोनं घ्यायची सवय आपल्याला लागली ती कसासाठी. केडीएमची पाटी उतरण्याचा खरा लाभ पेढीमागे बसलेल्याला झाला.

जयपूरच्या कुंदनकामात ही अडचण मुळातच नाही. तिथे खड्याभोवती जवळजवळ शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या नुसत्या दाबून बसवतात. शुद्ध सोन्यावर गंज चढत नाही, त्यामुळे दोन स्वच्छ पृष्ठभाग दाबले की थंड अवस्थेतच एकजीव होतात. आत आधाराला लाख. आपल्या बोरमाळेच्या मण्यांतही लाखच भरलेली असते आणि मोडीच्या वेळी वजनातून ती वजा झाली की घरात चेहरे उतरतात.

पण सर्वांत रुंद वाट धुळीची. अकीकाचा मणी आकाराला आणायचा तर कुरुंदाच्या चाकावर घासावा लागतो. कुरुंद म्हणजे आपला कुरुविंदच, माणिक-नीलमचा पैलू न पडलेला गरीब भाऊ. घासताना सिलिकाची धूळ उडते. तिच्यातले मोठे कण नाकात अडतात, शिंकेबरोबर बाहेर येतात. घातक असतात ते दिसत नाहीत असे. माणसाच्या केसाची जाडी साधारण 70 मायक्रॉन धरली, तर 4 मायक्रॉनचे सतराएक कण तिच्यावर शेजारी शेजारी बसतील. एवढे बारीक कण फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळतात आणि स्वतःच मरतात, कण मोकळे होतात, दुसऱ्या पेशी येतात, त्याही मरतात. दर वेळी थोडा व्रण राहतो. असे व्रण साठत साठत स्पंजासारखं फुप्फुस कातड्यासारखं होतं. हा सिलिकोसिस. कण बाहेर काढणारं औषध नाही आणि अशा फुप्फुसाला क्षय लवकर गाठतो.

खंबातच्या अकीक-कारागिरांमधल्या या आजाराचा अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं अभ्यास केला आहे. काम बहुतेक घरीच चालतं, त्यामुळे चाकावर न बसणारी घरची माणसंही तीच हवा घेतात. चाकावर पाणी सोडलं, मागे धूळ ओढणारा पंखा बसवला की धूळ पुष्कळ कमी होते. हे सगळ्यांना माहीत असलेले उपाय आहेत. पंख्याला वीज लागते आणि मण्यामागे मिळणारी मजुरी थोडी असते.

खंबातला येणारा अकीक ज्या रतनपूरच्या खाणींतून निघतो, तिथे भडोच जिल्ह्यात एका टेकडीवर बाबा घोरचा दर्गा आहे. आफ्रिकेतून आलेला हा सिद्दी पीर अकीकाच्या धंद्याचा मूळपुरुष मानला जातो. एका जातीचा अकीक त्याच्याच नावानं 'बाबाघोरी' म्हणून ओळखला जातो. दर्ग्याची देखभाल सिद्दी करतात आणि हिंदू, मुसलमान, पारशी, सगळे तिथे बाधा उतरवायला, नवस बोलायला येतात. दगड त्याच टेकड्यांतून निघून खंबातच्या चाकांकडे जातो.